सीनाकाठची वाहून गेलेली माती

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात सीना नदीला जो महापूर आला, त्याची छायाचित्रे आणि बातम्या त्या काळात सर्वांनीच पाहिल्या. लांबोटीच्या पुलाजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला, करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील सीनाकाठची गावे पाण्यात गेली आणि माणसे काढण्यासाठी बोटी व हेलिकॉप्टर आणावे लागले. या सगळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी मोहोळ तालुक्यातील सीनाकाठचा शेतकरी आहे आणि पाणी ओसरल्यानंतर ज्या एका नुकसानीची चर्चा हळूहळू थांबली, तिच्याकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नुकसान पिकाचे नव्हे, मातीचे आहे.

पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी मी माझ्या नदीकाठच्या दोन एकरांत गेलो. वाट चिखलाने बंद होती, म्हणून वरच्या अंगाने फिरून उतरावे लागले. उसाचा फड आडवा पडला असेल, ठिबकच्या नळ्या गेल्या असतील, विहीर गाळाने भरली असेल, इतकी मनाची तयारी केली होती. प्रत्यक्षात फडच नव्हता. जिथे कमरेइतकी काळी जमीन होती तिथे पांढरट मुरूम उघडा पडला होता आणि त्यावर नारळाएवढे गोटे पसरले होते. बांधावरच्या लिंबाची मुळे माझ्या छातीपर्यंत उघडी झाली होती. पूर्वी त्या झाडाखाली बसून जेवायचो ती जागा आता छातीएवढ्या उंचीवर आली होती. ठिबकच्या नळ्या पलीकडच्या बाभळीला गुंडाळलेल्या सापडल्या. माझ्याबरोबर आलेल्या चुलतभावाने बराच वेळ काही न बोलता पायाने तो मुरूम उकरून पाहिला, खाली माती लागते का म्हणून. ती लागली नाही.

शहरातल्या वाचकाला यात आणि पीक बुडण्यात काय फरक, असे वाटू शकते. पीक गेले तर एक हंगाम जातो, कर्ज डोक्यावर राहते, पण पुढच्या पेरणीला जमीन जागेवर असते. आमच्या जिल्ह्यात तर मातीच्या खोलीला आणखी एक अर्थ आहे. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. तरीही आमच्याकडे रब्बीची ज्वारी येते, कारण पावसाळ्याचे पाणी काळी माती पोटात धरून ठेवते आणि पुढे थंडीत एक थेंबही पडला नाही तरी त्या ओलीवर कणीस भरते. ज्या मालदांडी ३५-१ वाणाची भाकरी सारा महाराष्ट्र खातो, तो आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातूनच आलेला आहे आणि तो असाच जमिनीच्या ओलीवर वाढणारा आहे. तीन फूट माती असेल तर ज्वारी हाताला लागते. अर्धा फूट उरली तर डिसेंबरातच पाने वळतात. म्हणून या पुराने ज्यांची माती नेली, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीचा दुष्काळही आताच सुरू झाला आहे. ज्या सीनेत उन्हाळ्यात भीमा-सीना जोडकालव्यातून उजनीचे पाणी सोडा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे अर्ज केले, त्याच नदीकाठी ही वेळ यावी, याचे दुःख शब्दांत सांगता येत नाही.

आता मदतीविषयी. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आणि त्यात खरवडून गेलेल्या जमिनीचा स्वतंत्र विचार केला, याबद्दल मी मनापासून आभार मानतो, कारण असा विचार पूर्वी फारसा होत नसे. अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतचे काम, असे त्याचे स्वरूप आहे. यातील रोख रकमेचा हिशेब मी वहीवर मांडून पाहिला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर फक्त एक फूट जाडीचा थर द्यायचा तर सुमारे ४३५ ब्रास माती लागते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते, म्हणजे एका एकराला ४३५ खेपा झाल्या, आणि एका ट्रॅक्टरने दिवसाला दहा खेपा केल्या तरी त्यात दीड महिना जातो. हेक्टरी ४७ हजार म्हणजे एकरी १९ हजार. ते खेपांवर वाटले तर एका ट्रॉलीला ४४ रुपयेही येत नाहीत. एवढ्या पैशांत ट्रॉली भरूनसुद्धा मिळत नाही, मग माती, डिझेल आणि पसरणी यांचे काय?

दुसरी गोष्ट खोलीची. शेतात गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढण्याच्या मदतीसाठी आपत्ती निवारणाच्या निकषांत थराची जाडी धरलेली आहे. तीन इंचांपेक्षा जास्त थर असेल तर मदत मिळते. उलट जमीन वाहून गेली असेल तर मदत क्षेत्रावर ठरते. ज्याची अर्धा फूट माती गेली आणि ज्याचे शेत चार फूट खाली गेले, त्या दोघांना हेक्टरी दर एकच. माझी विनंती आहे की ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी अशा प्रत्येक गट क्रमांकाच्या शेतात जाऊन किती खोल माती गेली याची टेप लावून नोंद घ्यावी आणि ती शेतकऱ्याला लेखी द्यावी. हे अवघड नाही. झाडांच्या उघड्या मुळांवर, विहिरीच्या कठड्यावर, शेजारच्या न वाहिलेल्या शेताच्या कडेवर जुनी पातळी अजून स्पष्ट दिसते. एक पावसाळा गेला की ती दिसणार नाही.

रोजगार हमीतील तीन लाखांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मोठी रक्कम तिथे आहे आणि अडचणही तिथेच आहे. रोजगार हमी आमच्या भागाला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईवडिलांच्या पिढीने खडी फोडली, पाझर तलाव बांधले, आणि त्याच अनुभवातून महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा झाला. बांधबंदिस्ती, गोटे वेचणे, जमीन सारखी करणे ही कामे मजुरांच्या हातांनी उत्तम होतात आणि पुरात ज्यांची शेतमजुरी बुडाली त्यांना त्यातून रोजगारही मिळतो. परंतु या योजनेत मजुरांची जागा घेणारी यंत्रे चालत नाहीत आणि मजुरी व साहित्य यांचे ६०:४० प्रमाण सांभाळावे लागते. पंधरा-वीस किलोमीटरवरून शेकडो ब्रास माती घमेल्याने येणार नाही, तिला पोकलेन आणि हायवा (मोठा टिपर ट्रक) हवाच. तेव्हा मातीचे उत्खनन व वाहतूक वेगळ्या निधीतून यंत्राने करावी आणि शेतात पसरणे, बांध घालणे, सपाटीकरण हे रोजगार हमीतून मजुरांनी करावे, अशी जोड दिल्याशिवाय हे तीन लाख कागदावरच राहतील, अशी मला भीती वाटते.

तो वेगळा निधी शोधायला फार लांब जावे लागत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ पासून आहे आणि अल्पभूधारकांना शेतात गाळ टाकण्यासाठी एकरी १५ हजार रुपये, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान देण्याची तरतूद तिच्यात आहे. पूरबाधित जमिनींसाठी ही मर्यादा वाढवून गेलेल्या मातीच्या खोलीशी जोडावी. गाळ कुठे आहे हेही आम्हाला माहीत आहे. करमाळा आणि माढ्याच्या गावांना उजनीचा काठ जवळ आहे. ११७ टीएमसीच्या त्या जलाशयात १९८० पासून साचत आलेला गाळ दरवर्षी उन्हाळ्यात उघडा पडतो. आमच्या मोहोळ तालुक्यात आष्टीचा तलाव आहे, सोलापूरजवळ हिप्परग्याचा तलाव आहे, दोन्ही इंग्रजांच्या काळातले. शिवाय सीनेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या पाणसाठ्यात जो गाळ बसतो तो तर आमच्याच शेतांचा आहे. अडचण एवढीच की भरपूर पाऊस झालेल्या वर्षी तलावांचे काठ उशिरा, एप्रिल-मे महिन्यांत उघडे पडतात आणि मृगापूर्वी जेमतेम दीड महिना हाती राहतो. गट क्रमांकांच्या याद्या, परवानग्या आणि वाहतुकीचे दर फेब्रुवारीपर्यंत ठरले नाहीत तर तो दीड महिना कागदपत्रांतच जाईल. केवळ गाळावरचे स्वामित्वधन (रॉयल्टी) माफ करून भागत नाही, खरा खर्च वाहतुकीचा आहे.

गाळ म्हणजे गेलेली माती नव्हे, हेही मी जाणतो. तो चिकट असतो, वाळला की ढेकळे दगडासारखी होतात. त्यात शेणखत मिसळून ताग किंवा धैंचा घेऊन गाडावा लागतो आणि जमीन अंगाला यायला दोन-तीन वर्षे जातात. म्हणून टाकण्यापूर्वी माती परीक्षण विनामूल्य व्हावे आणि या दोन-तीन वर्षांत त्या गटावरील पीककर्जाचा तगादा लावू नये.

नदीकाठचे बांध आणि हद्दीचे दगड वाहून गेल्यामुळे आता कोणाची कड कुठे, हे कळेनासे झाले आहे. आमच्या शिवारात दोन सख्ख्या भावांत यावरून बोलाचाली झाली, ज्यांनी पुराच्या रात्री एकमेकांच्या जनावरांची दावी कापून ती माळावर नेली होती. सरकारी मोजणी विनाशुल्क आणि प्राधान्याने मिळाली तर असे तंटे कोर्टात जाण्यापूर्वीच मिटतील. सातबारावर नाव नसलेल्या वाटेकऱ्याचा आणि बटईने जमीन कसणाऱ्या बाईचाही कोणीतरी विचार करावा. पीक त्यांनी घेतले होते, मदत मात्र मालकाच्या खात्यावर जाते.

त्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आमची पस्तीस-चाळीस कुटुंबे होती. वरच्या गावांनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि जनावरांना कडब्याच्या पेंढ्या पाठवल्या. आमच्या कडब्याच्या गंजी वाहून गेल्या होत्या. (कडक भाकरी आठ दिवस टिकते, हे पाठवणाऱ्या माउल्यांना कोणी सांगावे लागले नाही.) नंतर तरुण मुलांनी मिळून प्रत्येकाच्या विहिरीतला गाळ पाळीपाळीने काढला. ज्या शेजाऱ्याची जमीन वाचली होती त्याने आपल्या बांधाकडेची वीस ट्रॉली माती मला दिली. माझ्या दोन एकरांत ती कुठे पसरली हेही आता ओळखू येत नाही, पण तेवढ्या तुकड्यात मी करडई टोकली आहे. गावाच्या हाताने जेवढे होण्यासारखे होते तेवढे झाले. उरलेल्या साडेआठशे ट्रॉल्या गावाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. जिल्हा प्रशासनाने फेब्रुवारीपूर्वी सीनाकाठच्या गावांची गाळ वाहतुकीची बैठक तालुकावार घ्यावी, तीत आम्हा शेतकऱ्यांना बोलवावे आणि ठरलेले दर व दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
सीनाकाठचा एक शेतकरी
ता. मोहोळ, जि. सोलापूर