पत्रावरचा शिक्का बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५ मधे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हापासून पत्रांच्या आठवणी खूप वाचायला मिळतायत, छान वाटतं, पण सगळीकडे पत्र म्हणजे नुसती माया. आमच्याकडे एका इनलँड पत्राने आईच्या मनात अढी बसली ती बाबा जाईपर्यंत सुटली नाही, म्हणून लिहितेय.

बाबा लालबागला गिरणीत, आई आम्हाला घेऊन संगमेश्वर तालुक्यात गावी. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, दर महिन्याची मनिऑर्डर बंद. मार्चमधे धाकट्या भावाचा ताप उतरेना म्हणून आईने पत्र पाठवलं. तिला लिहिता यायचं नाही, शेजारचा सातवीतला मुलगा लिहून द्यायचा आणि आलेलं पत्रही तोच ओटीवर मोठ्याने वाचायचा, आता दुसऱ्याच्या पोराला नवऱ्यासाठी काय काय सांगणार बाई? एवढंच लिहिलं, पोरगा आजारी आहे, पैसे पाठवा. चार दिवसांनी बाबांचं पत्र आलं, पैशासाठी लिहू नये, इथे आमचेच वांदे आहेत. पोराची साधी चौकशी नाही! नंतर एका गाववाल्याच्या हाती पन्नास रुपये आले तर आईला वाटलं चार लोकांनी बोलल्यावर पाठवले असतील. त्यानंतर तिने बाबांकडे कधी काही मागितलं नाही, ते कायमचे गावी आले तरी नाही. विषय निघाला की बाबा गप्प बसायचे, कुठल्या पत्राबद्दल बोलतेय तेच त्यांना कळत नसावं.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आईचं पत्र सापडलं, बाबांचं आईच्या डब्यात होतंच. मी दोन्ही शेजारी ठेवून पोस्टाचे शिक्के बघितले. बाबांचं मुंबईहून निघालं ९ मार्चला, आईचं मुंबईत पोचल्याचा मागचा शिक्का १२ मार्चचा. म्हणजे त्यांनी लिहिलं तेव्हा पोरगा आजारी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, ते उत्तर नव्हतंच, दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली होती. पत्र हातात पडल्यावर त्यांनी पन्नास रुपये पाठवले, तेही संपात, कुणाकडून उसने घेतले कोण जाणे.

आईला सांगितलं तर तिने ते पत्र माझ्याकडून परत दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, मग बोलले का नाहीत.

ज्यांच्या घरी अशी जुनी पत्रं असतील त्यांनी ती शिक्क्याच्या तारखेने लावून बघा, आणि आईवडील दोघं आहेत तोवर बघा.

एक वाचक, रत्नागिरी