बरा दिसतो म्हणून मदत बंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरची आपली लेखमाला सुरुवातीपासून वाचते आहे. आजार लपवू नका, वेळेत डॉक्टरांकडे जा, औषधं मध्येच सोडू नका, हे सगळं त्यात नीट आलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्यासारख्या शुभंकरांच्या, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, घरात ही लढाई कधीच होऊन गेलेली असते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टर चांगले आहेत, औषधं लागू पडली आहेत, कानातले आवाज बरेच मागे हटले आहेत. तरी दात घासण्यापासून ते घरी आलेलं सरकारी पाकीट उघडून बघण्यापर्यंत तो दिवसभर जागोजागी अडतो. मनोसामाजिक अपंगत्व म्हणतात ते हेच. त्यासाठी लागणाऱ्या आधारसेवांचा लेखमालेत उल्लेखही नव्हता, म्हणून हे पत्र. त्यातही मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. या सेवा जिथे मिळतात तिथेही त्या नेमक्या कधी काढून घेतल्या जातात, त्याबद्दल.

भावाकडे काही काळ एक मदतनीस येत असे. तो डॉक्टरही नव्हता आणि नर्सही नव्हता. स्वतः अशाच आजारातून गेलेला, सावरलेला आणि या कामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस होता. भावाला बँकेची फार धास्ती. रांग, पाठीशी उभी असलेली माणसं, खिडकीतून अचानक येणारा प्रश्न. सुरुवातीला हा त्याच्या अगदी शेजारी उभा राहिला, बोलणंही त्यानंच केलं. मग बोलणं भावाकडे आलं. मग हा रांगेतून निघून भिंतीपाशी थांबायला लागला, पुढे बँकेच्या दाराबाहेर. शेवटी शेवटी तर नुसता फोनवर असायचा. ‘आत गेलास का? झालं की मिस्ड कॉल दे.’ घरच्या माणसाला हे साधत नाही. आपल्याला घाई असते, आपण फॉर्म हातातून घेतो आणि भरून मोकळे होतो.

मग फेरतपासणी आली, मदत पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवणारी. त्या दिवशी भाऊ वेळेवर उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. समोरच्या बाई सभ्य होत्या, प्रश्न छापील होते. स्वतः अंघोळ करता का? हो. एकटे बाहेर जाता का? हो. बँकेचे व्यवहार करता का? हो. एकही उत्तर खोटं नव्हतं. हे कुणाच्या आधारावर चाललंय, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. ‘दैनंदिन कामांत स्वावलंबी’ असा शेरा पडला आणि मदतनिसाचे तास बंद झाले. पुढचं शुभंकरांना सांगायला नको. आधी बँक सुटली, मग बाहेर पडणं, मग अंघोळ. औषधं सुटली ती सगळ्यात शेवटी. त्या कचेरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष बाईंचा नव्हता, कागदाचा होता, आणि असे कागद पुष्कळ ठिकाणी आहेत.

हा कागद मुळात एकाच जातीच्या अपंगत्वासाठी आखलेला असतो, जे आज आहे तसंच उद्या असेल अशा. आमच्याकडे तसं नसतं. महिने महिने माणूस बरा असतो, आणि मग एखादा आठवडा असा येतो की खोलीचं दार उघडत नाही. ‘कायमचं अपंगत्व आहे का?’ या प्रश्नाला खरं उत्तर ‘हो, पण रोज सारखं नाही’ असं आहे, आणि ते लिहिता येत नाही. हे दुरुस्त करता येतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. मनोसामाजिक अपंगत्वातल्या अडचणी मधून मधून येणाऱ्या किंवा कमीजास्त होणाऱ्या असल्या, तरी त्या कायमस्वरूपी धरता येतील, असं त्यात स्पष्ट म्हटलं. कायद्यात ओळ आली म्हणजे टेबलापलीकडचा माणूस लगेच बदलतो असं नाही, पण निदान अपील करताना बोट ठेवायला जागा मिळते.

मदत काढून घेतली की काय होतं, याचा शोध नव्यानं लावायची गरज नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन इथे, १९७०च्या दशकात लिओनार्ड स्टाइन आणि मेरी अ‍ॅन टेस्ट यांनी एक प्रयोग केला. दाखल होण्यासाठी रुग्णालयात आलेल्या माणसांपैकी काहींना दाखल न करता त्यांच्या राहत्या जागी एक पथक जाऊ लागलं. कपडे धुणं, खरेदी, घरमालकाशी बोलणं, नोकरीतली कटकट, सगळ्यात हे पथक सोबत. रात्री-अपरात्रीही कुणीतरी हाकेला ओ देणारं. चौदा महिने हे चाललं. रुग्णालयातला मुक्काम खूपच घटला, जास्त माणसं स्वतःच्या बळावर राहू लागली. मग ठरल्याप्रमाणे पथक थांबलं आणि सगळ्यांना नेहमीच्या सेवांकडे सोपवलं. मिळवलेलं बरंचसं हातचं गेलं, माणसं पुन्हा रुग्णालयात जाऊ लागली. हे निष्कर्ष १९८० साली छापून आले आहेत. वेल मांडवावर चढला म्हणून मांडव काढायचा नसतो, हे त्या अभ्यासानं इतक्या वर्षांपूर्वी दाखवून दिलं, आणि आमच्या फेरतपासण्या अजून वेलाची उंची मोजताहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘सवय लागेल, माणूस परावलंबी होईल.’ ही भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. बसल्या जागी सगळं हातात देणारी मदत माणसाला खरंच बसवून ठेवते. पण ते मदतीच्या जातीवर अवलंबून आहे, मुदतीवर नाही. नोकरीचंच पाहा. जुनी रीत अशी की आधी प्रशिक्षण, मग संरक्षित, म्हणजे खास अशाच माणसांसाठी चालवलेल्या, कार्यशाळेत पिशव्या शिवणं, आणि कधीतरी ‘तयार’ झालात तर खरी नोकरी. ती ‘कधीतरी’ बहुतेकांची येतच नाही. दुसरी रीत याच्या उलट आहे. ज्याला नोकरी हवी आहे त्याला थेट बाजारातली, सगळ्यांसारखी नोकरी शोधून द्यायची, आणि मदतनिसानं त्यानंतरही सोबत राहायचं, हवं असेल तोवर. या पद्धतीची सहा युरोपीय केंद्रांत ३१२ जणांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. दीड वर्षात किमान एक दिवस तरी नोकरी केलेले लोक या पद्धतीत सुमारे ५५ टक्के निघाले, नेहमीच्या प्रशिक्षणात २८ टक्के. ‘किमान एक दिवस’ हा निकष फार उदार आहे, हे कबूल. पण त्याच चाचणीत पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण थेट नोकरीच्या पद्धतीतल्या गटात २० टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के होतं. ‘नोकरीचा ताण देऊ नका, बिचारा पुन्हा आजारी पडेल’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हा आकडा जरूर पाहावा. आमच्याकडे असे नातेवाईक पुष्कळ आहेत.

मुदत नसलेल्या आधाराचं सर्वात जुनं उदाहरण बहुधा न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या काही जणांनी एकमेकांना धरून राहायचं ठरवलं, त्यातून १९४८ साली ते उभं राहिलं, आणि आज ‘क्लबहाउस’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या जगभरच्या केंद्रांचं ते मूळ आहे. तिथे येणारा माणूस रुग्ण नसतो, सदस्य असतो. टपाल, हिशेब, स्वयंपाकघर, सगळी कामं सदस्य आणि कर्मचारी मिळून करतात. मला त्यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक, सदस्यत्वाला मुदत नाही. बरा झालात, नोकरी लागली, वर्षभर फिरकला नाहीत, तरी नाव कायम. दुसरी, एखादा येईनासा झाला की तिथून कुणीतरी त्याची विचारपूस करतं. इतरत्र न आलेल्या माणसाची फाइल बंद होते. या आजारात न येणं हीच पुष्कळदा पहिली धोक्याची खूण असते, हे कोणत्याही शुभंकराला विचारा. अर्थात क्लबहाउस सगळ्यांना रुचत नाही. माझ्या भावाला माणसांचा घोळका नकोसा होतो, त्याला एकच ओळखीचं माणूस पुरतं.

घराचंही तेच. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त बेघर, मानसिक आजार असलेल्या माणसांवर मोठा प्रयोग झाला. आधी घर द्यायचं, उपचार घेण्याची अट घालायची नाही. ज्यांना असं घर मिळालं ते कितीतरी जास्त प्रमाणात घरात टिकले. आजाराची लक्षणं मात्र इतरांपेक्षा विशेष कमी झाली नाहीत. घरानं आजार बरा होईल असं कुणी म्हणतही नव्हतं. डोक्यावर छप्पर राहिलं, तेवढंच काम होतं आणि ते झालं.

स्वीडनमधली एक सोय मात्र आम्हा घरच्यांना जरा झोंबणारी आहे. तिथे १९९५च्या मनोविकार सेवा सुधारणेनंतर ‘पर्सोनलित ओम्बुड’ नावाचे मदतनीस आले. असा मदतनीस ज्याच्यासाठी काम करतो, फक्त त्या आजारी माणसाचंच ऐकतो. डॉक्टरांचं नाही, कचेरीचं नाही, आई-वडिलांचं किंवा बहिणीचंही नाही. भावानं सांगितलं की ताईला हे कळवू नका, तर ताईला कळणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं बारावं कलम याच दिशेनं जातं. आपले निर्णय आपण घ्यायचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो वापरण्यासाठी लागेल ती मदत मिळाली पाहिजे, असं ते सांगतं. माझ्यानंतर भावाचं कोण, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. त्याला उत्तर असलंच तर ते अशाच कुणाच्या तरी रूपात आहे.

आता मागणं. फेरतपासणीच्या कागदावर गेल्या वर्षातला सर्वात वाईट आठवडा कसा होता, हे विचारा. प्रत्येक ‘हो’ पुढे ‘कुणाच्या मदतीने’ असा रकाना ठेवा. मदतीचे तास कमी करायचे तर करा, पण शून्यावर आणू नका. महिन्यातून एक फोन उरला तरी धागा राहतो. बंद झालेली मदत परत हवी असेल तर पहिल्यापासून अर्ज, दाखला, रांग हे नको, कारण ज्या अवस्थेत माणसाला मदत सर्वात जास्त हवी असते त्याच अवस्थेत त्याला फॉर्म भरता येत नाही. आणि बरे दिवस वाया घालवू नका. पुन्हा बिघडलं तर कुणाला बोलवायचं, कोणतं औषध सोसत नाही, काय मुळीच करायचं नाही, हे त्याच दिवसांत त्याच्याशी बसून, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवता येतं.

आपल्याकडे एक विनंती. लेखमालेच्या शेवटी रुग्णालयांची आणि डॉक्टरांची यादी छापता, तशी आधारसेवांचीही छापा, आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी न विसरता विचारून लिहा: ही मदत किती काळ मिळते, आणि ती थांबवायचं कोण ठरवतं.

आपली,
एक शुभंकर बहीण
(भावाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)