तासाभराच्या कथांसाठी नानांचे आभार

आदरणीय नाना,
सादर प्रणाम.

आपण वाचनालयातून निवृत्त झाल्याचे मला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र.

अमळनेर ते जळगाव रेल्वेचा पास काढून मी कॉलेजला जात असे, तेव्हा जाड कादंबऱ्यांखेरीज काही वाचणे मला कमीपणाचे वाटे. त्याला आधारही भक्कम होता. यावल तालुक्यातल्या सांगवीचे, म्हणजे आपल्याच मातीतले भालचंद्र नेमाडे कथेला क्षुद्र साहित्यप्रकार मानतात, आणि हे मत खानदेशी माणसाने मिरवायचे नाही तर कोणी? आपण वाद घातला नाही. एक कथासंग्रह पुढे सरकवला, त्यातल्या एका कथेवर चिठ्ठी ठेवली आणि बजावले, की एका फेरीत एकच कथा वाचायची. उद्या मी ‘आवडली का’ असे विचारणार नाही, ‘लेखकाने काय सांगितले नाही’ एवढेच विचारीन, असेही आपण म्हणालात.

कितीतरी दिवस मी नुसते कथानक सांगून मोकळा होई. ‘हे तर छापलेलेच आहे,’ असे म्हणून आपण ती चिठ्ठी पुन्हा त्याच कथेवर ठेवत असा. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात पात्रांचे न बोललेले शब्द ऐकू येऊ लागले, तेव्हा कथा ही आखूड कादंबरी नव्हे, हे माझ्या ध्यानात आले. कादंबरीत दहा पाने सैल पडली तरी ती तगते. कथेत एक वाक्य जास्त झाले तरी खुपते. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिले वेळच्या वेळी कापली नाहीत तर घड भरत नाही, हे आपले उदाहरण रावेर-यावलकडच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो याने 1842 साली लिहिले होते, की अशी कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी, म्हणजे तिचा परिणाम अखंड राहतो. माझा तासाभराचा प्रवास त्या मापात नेमका बसे.

दिवाळी अंकांच्या मागणीनुसार पाडलेल्या कथा मीही पुष्कळ वाचल्या आहेत, आणि त्या वाचताना नेमाड्यांचे मत पटते. पण तो दोष मागणीचा आहे, साहित्यप्रकाराचा नव्हे. जी. ए. कुलकर्णी यांनी स्वतःची एकही कादंबरी लिहिली नाही, तरी त्यांना वगळून मराठी गद्याचा विचार करता येत नाही. आणि 2013 साली कॅनडाच्या कथालेखिका ॲलिस मन्रो यांना नोबेल मिळाले, तेही कथेवरील प्रभुत्वासाठीच.

आपली एक चिठ्ठी मी अद्याप परत केलेली नाही. त्या कथेतली आई दार उघडत नाही, याचे कारण मला तेव्हा सांगता आले नव्हते. ते आता सापडले आहे असे वाटते. पुढच्या रविवारी अमळनेरला येतो, आपण विचारावे.

आपला,
एक जुना सभासद
जळगाव