जाळीची टोकं आत वळवणाऱ्या अण्णांस

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "राहू दे हो" म्हणता आणि कढीपत्त्याच्या रोपाची चौकशी सुरू करता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. शिवाय आपल्या बेळगावात टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव, जिथे म्हणून घरामागे चार वाफ्यांचं परडं उरलंय, तिथे दुखणं एकच आहे. संध्याकाळी मेथी पेरावी आणि सकाळी बघावं तर वाफा उकरलेला, बी इकडेतिकडे उडालेलं आणि मधोमध मांजराची घाण. तुम्ही जे दाखवलंत ते त्या सगळ्यांच्या उपयोगी पडावं.

तुमच्याआधी सल्ला देणारे कमी नव्हते. एका कार्यालयात अर्ज नेला तर या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी "कुत्र्यांचं असेल तर बघू, मांजराचं काही येत नाही आमच्याकडे". एका दुकानात महागडी दाणेदार पूड गळ्यात मारली. एक पाऊस पडला की तिचा वास जातो, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. बाकी सल्ले फुकटचे. नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या फाटकाला टांगा. मांजर त्या बाटलीच्या सावलीत निवांत बसतं. वाफ्यात तिखट टाका. तिखट पंजाला लागतं, पंजा चाटताना तोंडात आणि डोळ्यांत जातं, आणि आपल्याच पोरांच्या हातालाही. डांबरगोळ्या पुरा. त्या मांजराला विषारी, गिळल्या तर लहान मुलालाही, आणि आपण खाणार त्या भाजीच्या मुळाशी. काळं फिनेल ओता. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, पायाला लागून चाटलं तरी जिवावर बेततं. शेवटचा सल्ला ठरलेलाच: पोत्यात घाला आणि लांब नेऊन सोडा. मुक्या जनावराला असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही हे एक, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुढच्या गल्लीतला बोका येऊन बसतो हे दुसरं.

तुम्ही नर्सरीतून आलात आणि मांजर कुठंय हे विचारलंच नाही. खाली बसून माती हातात घेतलीत. आपली तांबडी माती, चाळलेली, कुजलेलं शेणखत घातलेलं, वरून कोरडी, भुसभुशीत. मांजराला उकरून झाकायला हवी असते ती नेमकी हीच, आणि आपण ती दर पेरणीला तयार करून देतो. पावसाळ्यात बाहेर सगळा चिखल, म्हणून त्यांचा मोर्चा पागोळीच्या आतल्या कुंड्यांकडे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पालेभाजीचे वाफे केले की तिथे. "मांजराचं काही चुकत नाही, माती मोकळी राहते ते चुकतंय," असं तुम्ही म्हणालात. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

जाळीचं आधी. कोंबड्यांच्या खुराड्याची एक इंची भोकांची, जस्त चढवलेली जाळी. अर्धा इंची घेतली तर पालेभाजीची पानं अडकून वाकडी होतात, दोन इंचीतून मांजर पंजा घालून उकरतं. तीन फुटी वाफ्याला चार फुटी पन्ह्याची घ्यायची, म्हणजे दोन्ही कडांना सहा-सहा इंच जादा मिळतात. पेरून, पाणी देऊन लगेच जाळी मातीला चिकटून अंथरायची आणि कडा चार बोटं खोल चरात दाबायच्या. वर जाड तारेचे वीतभर लांब उलटे आकडे, दर दीड फुटाला एक. बहुतेकांची जाळी फसते ती इथेच. ती मातीपासून वर फुगलेली राहते, रोप आडवं वाढून गुंततं, आणि मांजर कडेने आत शिरतं. दुसरी फसगत खुरपणीला. तण काढायला म्हणून जाळी उचलतात आणि परत कुणी घालत नाही. तण कोवळं असतानाच भोकांतून बोटांनी उपटायचं, मेथी उपटायची नाही, कात्रीने दोन बोटं वर कापायची. जाळी आहे तिथेच राहते आणि मेथी पुन्हा फुटते. वांगी-टोमॅटोच्या रोपासाठी जाळीला अधिक चिन्हासारखा छेद, बास.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे.

जाळी कापली की तारेची टोकं सुयांसारखी उभी राहतात. कडा मातीत जाणार होत्या, त्या दिसणारही नव्हत्या. कुणीही तशीच दाबून टाकली असती. तुम्ही पकड घेऊन उकिडवे बसलात आणि एकेक टोक आत वळवलंत, वळवलं की त्यावर अंगठा फिरवून बघितलंत, टोचलं तर पुन्हा पकड. सगळ्या कडा. छेद दिलेल्या जागाही. "पोरांचे हात," म्हणालात, आणि मग थोडं थांबून, "आणि त्याचा पंजा." ज्याला हुसकायला तुम्हाला बोलावलं होतं, त्याचा पंजा! हे काम कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे लागणार नव्हते, आणि केलं नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चांगुलपणा म्हणून मोठमोठ्या फलकांवर जे छापतात त्यातलं काही इतकं खरं वाटलेलं नाही. पैसे घेऊन नीट काम करणारी माणसं आपल्याकडे अजून मिळतात, पण कामाच्या पलीकडचं हे बघणारी विरळाच.

कुंड्यांना जाळी नाही बसत. तिथे तुम्ही खराट्याच्या काड्या मोडून चार-चार बोटांवर उभ्या खोचल्यात, वीतभर वर ठेवून. मांजराला गोल फिरून बसायला जागाच उरत नाही. मोठ्या झाडांच्या आळ्यात नारळाच्या सोडणाचे तळहाताएवढे तुकडे, दाटीने. उसाचं पाचट नुसतं पसरून चालत नाही. हलकं असतं, दोन पंज्यांत बाजूला होतं. काट्याच्या फांद्यांना तुम्ही सरळ नाही म्हणालात. परड्यात अनवाणी जाणारे आपणच असतो.

पण नुसतं सगळीकडे अडवलं तर ते जाणार कुठे? शेजाऱ्याच्या वाफ्यात. मग तिथून भांडण. वाळूचा कोपरा ही खरी मेख, आणि तीच लोक टाळतात, कारण "मांजरासाठी संडास बांधायचा काय" असं वाटतं. बांधायचा. कुंपणाच्या आडोशाला, मांजराला खायला ठेवतात त्या जागेपासून लांब, कारण खातं तिथे ते घाण करत नाही. चिऱ्यांची तीन बाय दोन फुटांची चौकट, तळाला दोन इंच खडी म्हणजे पाणी मुरतं, वर सहा इंच बारीक चाळलेली वाळू. क्रशरची भुकटी नको, ती ओली झाली की घट्ट बसते आणि पंजा चालत नाही. वर उतरता पत्रा, आपल्याकडच्या पावसाला त्याशिवाय इलाज नाही, पण दोन बाजू उघड्या. एकच वाट असलेल्या खोपटात मांजर बसत नाही, त्याला पळायला दुसरी वाट लागते. सुरुवातीला वाफ्यातली थोडी घाण मातीसकट उचलून त्या वाळूत ठेवायची, वासावरून त्याला पत्ता कळतो. आणि वाफ्यातली जुनी जागा चार बोटं खोल मातीसकट काढून टाकायची, नाहीतर जुना वास त्याला परत बोलावतो. अमोनियाचा वास असलेल्या द्रवाने धुतलं तर उलटंच होतं, मुताचा वास तोच.

वाळू रोज साफ करायची, आठवड्याने नव्हे. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो. तो बाधायला लागण्याआधी निदान एक दिवस जावा लागतो, म्हणजे रोज उचललं की धोका बराच कमी. ओल्या मातीत मात्र तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून हातमोजे घालून काम करायचं, गरोदर बाईने या कामाला हात लावायचाच नाही, परड्यातून आल्यावर पोरांचे हात साबणाने, आणि कच्ची खायची कोथिंबीर वाहत्या पाण्यात नीट धुऊन. उचललेलं कागदात गुंडाळून घंटागाडीत. खताच्या खड्ड्यात कधीच नाही.

बोक्याचं प्रकरण वेगळं, हेही तुमच्याकडूनच कळलं. भिंतीवर, तुळशी वृंदावनावर शेपटी उभारून मारलेली पिचकारी ही घाण नव्हे, हद्दीची खूण. त्याला जाळी नाही, वाळू नाही. नसबंदी केली की दहातल्या नऊ बोक्यांचं ते थांबतं किंवा फार कमी होतं. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पिल्लं, तेव्हा तिचंही ऑपरेशन वेळेत. गल्लीने वर्गणी काढली तर एकेक करून उरकतं. वाफ्यावर संध्याकाळी पाणी मारून माती ओली ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय, पण नळाला रोज पाणी येणाऱ्यांसाठी. आणि रविवारी-बुधवारी मासळी साफ केली की पाणी आणि खवलं परड्यात टाकू नयेत, एवढं आम्हाला आमचंच कळायला हवं होतं.

अण्णा, जाळीचे आणि पत्र्याचे पैसे तुम्ही घेतलेत. वाळूचे घेतले नाहीत, आणि विचारलं की "नर्सरीत उरलेलीच होती" म्हणता. चार पाट्या वाळू उरत नसते. आकडा सांगा. पुढच्या मिरगाआधी ती वाळू बदलायची आहे, तेव्हाची ऑर्डर तुम्हालाच, आणि तेव्हा आधीचा हिशोब मिटवल्याशिवाय तुम्हाला परड्यात पाय ठेवू देणार नाही.

आपली,
मेथीचे वाफे असलेली एक शेजारीण
टिळकवाडी, बेळगाव