पडवीतल्या सॉकेटविषयी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला पडवीतल्या सॉकेटचा फोटो मी मोठा करून पाहिला. एका भोकाभोवतीचा तपकिरी डाग धुळीचा नसून प्लास्टिक भाजल्याचा आहे, म्हणून कृपा करून आजपासून विजेवरची गाडी तिथे चार्जिंगला लावू नका. गीझरलाही असेच सॉकेट आहे, हे तुमचे म्हणणे खरे. पण गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, आणि गाडी मात्र चौदा-पंधरा ॲम्पिअरचा प्रवाह सलग सात-आठ तास ओढत राहते, त्यामुळे आतल्या सैल पट्ट्यांना निवायला उसंतच मिळत नाही.

गणपतीला येताना मी चार्जिंगची पेटी स्वतः जोडून आणतो आहे. घरातल्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीतच असतो. पेटी केवळ राखणदार. किती ॲम्पिअर घेता येतील हे ती एका बारीक तारेवरून गाडीला कळवते, आणि गाडीने होकार दिल्यावरच पेटीतला काँटॅक्टर, म्हणजे आपोआप चालणारा मोठा स्विच, जुळून प्लगमध्ये वीज येते. आई, त्यामुळे गाडीबाहेर काढलेल्या प्लगला तुझा ओला हात लागला तरी त्यात वीज नसेल. पेटीसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा एमसीबी आणि विजेची गळती होताच ती तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असेल. मीटरकडची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनच करील.

मला सर्वांत जास्त काळजी अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीची, वाटते. आपल्या जांभ्यात पाणी ठरत नाही. पावसाळ्यात उत्तम लागणारे अर्थिंग मे महिन्यात निकामी होऊ शकते. म्हणून नवा खड्डा पडवीपाशी न घेता न्हाणीच्या सांडपाण्यावरच्या अळूच्या वाफ्याशेजारी घ्यावा, असे मला वाटते, कारण तिथली माती बारा महिने ओली असते. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत आला, तरी उन्हाळ्यात मी तो पुन्हा मोजणार आहे.

महावितरणकडे घराचा मंजूर वीजभार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल. तो मंजूर होईपर्यंत पेटी १० ॲम्पिअरवर बांधून ठेवू. रोजच्या चाळीस किलोमीटरसाठी तेवढ्यावर साधारण तीन तास पुरतात.

बाबा, बिलावरचा मंजूर भार आणि मीटरपासून पडवीपर्यंतचे भिंतीलगतचे अंतर रविवारपर्यंत कळवा, म्हणजे वायर इथूनच मापाने घेता येईल.

तुमचा,
धाकटा