चि. ओंकारला, घोणीचा डबा येण्याआधी

रत्नागिरी
१२ ऑक्टोबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

घोण, म्हणजे ही मोठी विषारी गोम, हातावर घ्यायला शिकता येतं का, हे तू विचारलंस. आधी त्याचंच उत्तर देते. नाही येत, आणि तू तसा प्रयत्नही करायचा नाहीस. घोण माणसाळत नाही. तुझा हात म्हणजे तिच्या मिशांना लागलेली एक ऊबदार, ओलसर वस्तू, एवढंच. ती पुढे सरकता सरकता मिशांनी चाचपते, कधी चावूनही बघते. नाग फणा काढतो, विंचू नांगी उभारतो. हातावरची घोण बहुधा कसलाच इशारा देत नाही. आणि चावली की हात झटकून ती पडत नाही, कारण बेचाळीस पायांच्या नख्यांनी तिने कातडी धरून ठेवलेली असते. व्हिडिओत कोणाच्या मनगटावरून ती शांतपणे चालताना दिसली, तर त्या दिवशी तिने चावा घेतला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

पण घोण पाळायलाच नको, असं मी म्हणत नाही. बघण्यासारखा प्राणी आहे, नीट ठेवला तर कित्येक वर्षं जगतो. हात न लावता तिची सगळी उस्तवार करता येते, आणि ते कसब हातावर घेण्यापेक्षा अवघड आहे. तेच शिक.

तू सांगितलेली जात स्कोलोपेंड्रा डेहानी. आग्नेय आशियातली, वीस सेंटिमीटर सहज गाठणारी. पूर्वी तिला स्कोलोपेंड्रा सबस्पिनिपेस या दुसऱ्या जातीचीच उपजात धरत, २०१२ पासून वेगळी जात मानतात. म्हणून विकणाऱ्यांच्या चिठ्ठीवर अजूनही जुनं नाव दिसतं. दोन्ही चपळ, दोन्हींचा डंख जहाल. पहिलीच घोण म्हणून मी हिची निवड केली नसती. अमेरिकेच्या कोरड्या भागातली पॉलिमॉर्फा आकाराने लहान आणि सांभाळायला सोपी. पण पैसे भरून झालेत, तर आता तयारी त्या मानाने कर.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, म्हणजे पुढचं आपोआप समजेल. घोणीच्या अंगावर किड्यांसारखा मेणाचा घट्ट थर नसतो, आणि तिची श्वसनरंध्रं नीट मिटत नाहीत. त्यामुळे तिच्या अंगातलं पाणी सारखं उडून जातं. आपल्याकडे ती लाकडांच्या रचीखाली, दगडाखाली, पालापाचोळ्यात का सापडते, त्याचं कारण हेच. तिकडे इंग्लंडात, लीड्सला, हीटर लावलेल्या तुझ्या खोलीतली कोरडी हवा तिला मारक आहे. पण त्या भीतीने डबा चिखल करून बंद ठेवलास, तर बुरशी तिला संपवेल. माती ओली, हवा खेळती. घोण पाळणं म्हणजे मुख्यतः हा तोल सांभाळणं.

डबा जाड प्लास्टिकचा घे, दोन्ही बाजूंना क्लिपा असलेला. तळ साधारण ४० बाय २५ सेंटिमीटर चालेल. उंचीत मात्र काटकसर नको. घोण भिंतीला टेकून जवळजवळ शेपटीवर उभी राहते आणि मिशा झाकणाला लागल्या की फट शोधत बसते. तुझी अठरा सेंटिमीटरची असेल, तर मातीच्या वर निदान पंचवीस सेंटिमीटर मोकळे हवेत. दहा सेंटिमीटर माती धरली तर डबा पस्तीस उंचीचा लागेल. काचेची पेटी दिसायला छान, पण तिच्या कोपऱ्यांत सिलिकॉनची रेघ असते. गुळगुळीत काचेवर न चढणारी घोण त्या रेघेला धरून सरळ वर जाते. पेटीच हवी असेल, तर झाकण कुलपाचं घे.

भोकं समोरासमोरच्या दोन भिंतींवर वरच्या बाजूला पाड, म्हणजे हवा आरपार जाईल. प्रत्येकी वीस-पंचवीस, तीन मिलिमीटरची. चपट्या अंगाची घोण डोकं शिरेल तिथून सगळी बाहेर पडते, म्हणून भोक डोक्याच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठं नको. सोल्डरिंगच्या तापत्या टोकाने भोकं पाडू नकोस. आत वितळलेल्या प्लास्टिकची कड उरते आणि तिला चावायला, धरायला ती कड पुरते. ड्रिल वापर आणि आतून पॉलिशपेपर फिरव. नायलॉनची जाळी मुळीच नको, ती कुरतडते. जाळी लावायचीच तर स्टीलची.

माती म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि खत किंवा औषध न मिसळलेली साधी बागेची माती एक भाग. मुठीत दाबलीस तर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांमधून पाणी निथळता कामा नये. निथळलं तर पसरून वाळव. डब्याच्या एका टोकाला आठवड्यातून एकदा पाणी ओत, दुसरं टोक तसंच राहू दे. घोणीला कुठे बसायचं ते कळतं. ती सारखी ओल्या टोकाला किंवा पाण्याच्या वाटीत दिसली तर डबा कोरडा पडलाय, आणि सारखी भिंतीवर चढू बघत असेल तर माती बहुधा फार भिजली आहे. वर झाडाची एक चपटी साल, जड आणि उथळ अशी पाण्याची वाटी. बाकी शोभेचं काही नको. प्रत्येक जादा वस्तू म्हणजे तिला लपायला आणखी एक जागा आणि तुला शोधायला आणखी एक कष्ट.

तापमान २४ ते २८ अंश. गरम होणारी चटई डब्याखाली ठेवू नकोस. उकाड्यात घोण खाली खणत जाते, आणि खालीच तापत असेल तर ती आगीकडेच जाणार. चटई एका बाजूच्या भिंतीला बाहेरून, मातीच्या पातळीच्या वर, थर्मोस्टॅट लावूनच. दिवा नको, तिला अंधार हवा.

खाणं: आठ-दहा दिवसांनी एक मोठं डुबिया झुरळ, नाहीतर एक-दोन टोळ. दुकानातले, पाळलेले. बागेतला किडा घालायचा नाही, त्याच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं. झुरळ चिमट्यात धरून तिच्यासमोर नाचवू नकोस, ती झुरळ सोडून चिमट्यावरूनच वर येते. आत टाक आणि झाकण लाव. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढ, नाहीतर माइट, म्हणजे बारीक किडे, होतात. उंदराची पिल्लं घालण्याची काही लोकांना हौस असते. गरज नाही, घाण मात्र खूप होते. दोन घोणी एका डब्यात कधीही नाहीत, एक दुसरीला खाते.

आता हलवण्याचं. हे नीट वाच, आणि पहिल्यांदा करण्याआधी रिकाम्या डब्यावर चार वेळा करून बघ.

जागा तुझ्या बाथरूममधला टब. कोरडा पुसलेला, भोकाला बूच लावलेलं, कारण ओल्या टबापेक्षा कोरड्यावर तिला धरायला काही मिळत नाही. पडदा टबाच्या बाहेर वर गुंडाळलेला. दाराखालच्या फटीत टॉवेल. पूर्ण बाह्या, बाही हातमोज्यात खोचलेली. मोजा डंखापासून वाचवेल असं समजू नकोस, तो फक्त बाहीत शिरण्यापासून वाचवतो. वेळ सकाळची, चटई आदल्या रात्री बंद केलेली, म्हणजे ती जरा मंद असेल. फ्रिजमध्ये ठेवून थंड करतात, ते तू करायचं नाहीस.

हत्यारं तीन: तीस सेंटिमीटरचा चिमटा, लांब दांड्याचा मऊ ब्रश, आणि एक नळी. नळी म्हणजे पाच सेंटिमीटर व्यासाची, पंचवीस लांब, एका टोकाला बंद असलेली प्लास्टिकची बरणी, बाहेरून काळा कागद गुंडाळलेली. घाबरलेली घोण अंधाऱ्या, अरुंद भोकात शिरते. तिच्या या सवयीवरच सगळं काम उभं आहे. डबा टबात ठेव. चिमट्याने साल उचल, तुझ्याकडची कड आधी नाही, पलीकडची आधी, म्हणजे ती तुझ्यापासून दूर पळेल. मग थांब. डोकं कुठलं ते ओळख. शेवटची पायांची जोडी जाड असते आणि ती मिशांसारखी उचलून धरते, म्हणून स्थिर बसलेल्या घोणीची दोन्ही टोकं सारखी दिसतात. बारीक मण्यांच्या माळेसारख्या मिशा ज्या टोकाला, ते डोकं. नळीचं तोंड मिशांसमोर आडवं टेकव आणि ब्रशने शेवटच्या पायांना हलकं शिव. आत जाईल. एका झटक्यात नाही गेली तर परत थांब. पूर्ण आत गेलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय झाकण लावू नकोस. अर्धी बाहेर असताना दाबलंस, तर पाय तुटतात. पाय पुढच्या एक-दोन कातींत परत येतात, पण ठेचलेलं अंग भरून येत नाही.

फुंकर मारू नकोस, तोंड डब्याजवळ नेऊ नकोस. श्वास लागला की ती उसळते.

आणि ती चिमट्यावर चढली तर? चिमटा सोड. झटकू नकोस, दुसऱ्या हातात घेऊ नकोस, टबात पडू दे. टब आहे तो याचसाठी. अपघात बहुतेक याच क्षणी होतात, कारण महागडा प्राणी पडेल या भीतीने माणूस चिमटा घट्ट धरून ठेवतो.

निसटलीच तर आधी दार बंद कर आणि घरातल्या दोघांनाही लगेच सांग. लपवू नकोस. ओले टॉवेल घडी करून भिंतीलगत जमिनीवर ठेव. कोरड्या खोलीत तिला ओल हवी असते, रात्री टॉर्च घेऊन घड्यांखाली बघ. सापडेपर्यंत बूट झटकून घालायचे आणि अंथरूण रोज झाडायचं.

डंख झाला तर बोटातली अंगठी पहिल्यांदा काढ, सूज लवकर चढते. साबण-पाण्याने धू. मग गरम पाण्यात, साधारण ४३ ते ४५ अंश, वीस-तीस मिनिटं हात बुडव. पाणी चांगल्या हाताने तपास, डंखलेल्या हाताला भाजलेलं कळत नाही. बर्फाच्या पिशवीनेही आराम पडतो; जे हाताशी असेल ते कर. जळजळ तासन्‌तास राहते, सूज दोन दिवस राहू शकते. यावर प्रतिविष नाही, उपचार दुखण्यावरचेच असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते बघून ठेव. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर पित्त उठलं, छातीत दुखलं, चक्कर आली, तर वाट बघायची नाही, अँब्युलन्ससाठी ९९९ ला फोन. बाकी शंका असली तर सल्ल्यासाठी १११. लहानपणी गांधीलमाशी चावल्यावर तुझा पूर्ण दंड सुजला होता, म्हणून घोण घेण्याआधी डॉक्टरांना विचारच. हे मी सुचवत नाही, सांगते आहे.

आजारपण वाटावं अशा दोनच गोष्टी नेहमी समोर येतील. कात टाकण्याआधी ती खाणं सोडते, रंग मंद होतो, आठवडेच्या आठवडे मातीखाली बसते. उकरून बघू नकोस. कात डोक्याकडून मोज्यासारखी निघते. नंतर डोक्याखालच्या विषनख्या, ज्यांनी ती चावते, फिक्या आणि मऊ असतात, त्या पुन्हा काळपट होईपर्यंत झुरळ टाकायचं नाही, उलट झुरळच तिला चावेल. दुसरं, पायांच्या सांध्यांवर काळे डाग. जुन्या जखमेचा डाग आहे तेवढाच राहतो. पसरत चालला असेल तर ती बुरशी. माती बदल, ओल कमी कर, भोकं वाढव. कधी पुढच्या कातीबरोबर डाग निघून जातात, बऱ्याचदा नाही, आणि तेव्हा तुझ्या हातात फार काही उरत नाही.

आणलेली मादी जंगलातली असेल, तर ती डब्यातच अंडी घालू शकते. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली की डबा हलवायचा नाही, उघडायचा नाही. ती महिना-दोन महिने उपाशी राहून अंडी चाटत बसते, त्यानेच त्यांना बुरशी लागत नाही. हादरे बसले तर स्वतःच खाऊन टाकते.

तुझ्याकडे हे ठेवायला परवाना लागत नाही, १९७६ च्या डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्टच्या यादीत घोण नाही. पण भाडेकरारात काय लिहिलंय ते वाच. आणि पुढे काळ्या-नारिंगी पट्ट्यांची हार्डविकी घ्यायची म्हणतोस, ती घेऊ नकोस. ती दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली. बंदिवासात जन्मलेली फार क्वचित मिळते, आणि वन्य प्राणी जिवंत बाहेर पाठवायला आपल्याकडे मनाई आहे. म्हणजे तिकडच्या दुकानातली हार्डविकी बहुधा इकडच्या कुठल्यातरी जंगलातून चोरून गेलेली असते. आपल्या मातीतला प्राणी त्या वाटेने तुझ्या टेबलावर यावा, हे मला सहन होणार नाही. कोकणात पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की घोणी घरात येतात, त्या बघायला घरी ये.

डिसेंबरात येशील तेव्हाची सोय आताच कर. पोट भरलेली मोठी घोण तीन आठवडे न खाता सहज राहते, पाणी मात्र संपता कामा नये. झाकणात वाटीच्या बरोबर वर आठ मिलिमीटरचं एक भोक पाड, त्याला घट्ट रबरी बूच. बूच काढून लांब पिचकारीने वाटीत पाणी सोडायचं आणि लगेच बूच लावायचं. डबा उघडावाच लागणार नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत प्राण्याचं शास्त्रीय नाव, "उघडू नये" आणि तुझा फोन नंबर इंग्रजीत चिकटव. पाणी घालणाऱ्या मित्राला तू असतानाच दोनदा तुझ्यासमोर घालायला लाव.

तुझी
आई