मासिक सभेस येताना सर्व औषधे सोबत आणावीत

सर्व ज्येष्ठ सभासदांस कळविण्यात येते की, येत्या मासिक सभेस प्रत्येकाने सध्या चालू असलेली सर्व औषधे, म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि मेडिकलवरून चिठ्ठीविना घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणावीत. आपल्यापैकी अनेकांचे रक्तदाबाचे डॉक्टर गावात, हृदयाचे जळगावात आणि गुडघ्यांचे धुळ्यात असल्याने एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी घेतले जाते.

अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने घोट्यांवर सूज येऊ शकते. ती नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते, तिने चक्कर येते आणि मग चक्करेसाठी तिसरी गोळी वाढते. आम्हाला विशेष काळजी वाटते ती उन्हाळ्याची. खानदेशात पारा ४४ अंशांवर जातो, अंगातले पाणी कमी होते, आणि अशा वेळी लघवीची गोळी, टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) व डायक्लोफिनॅक (अंगदुखीची गोळी) ही तिन्ही एकत्र चालू असतील तर मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते.

मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. मेटोप्रोलॉल (रक्तदाबाची व हृदयाची गोळी), स्टेरॉइड किंवा रोजची झोपेची गोळी एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. सभेत प्रत्येकाची यादी मात्रा व वेळेसह लिहून दिली जाईल. ती आपल्या डॉक्टरांना दाखवून प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि यातील कोणती आता कमी करता येईल, हे निःसंकोच विचारावे. ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही, त्यांनी मुलाला, सुनेला किंवा नातवंडाला सोबत आणावे.